बायकोच्या गाडीचा ब्रेक

दुसऱ्याच्या गाडीत बसले की ब्रेकवाल्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. उभ्या गाडीजवळून जाताना ते चाकाशी वाकून वास घ्यायचे. जळका वास आला तर मालकाला शोधून काढायचे, ओळख असो वा नसो. चहाचा कप डाव्या हाताने धरायचे, कारण उजव्याला ब्रेक ऑइल असायचं. गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे कमी, पायांकडे जास्त बघायचे. आणि साडूच्या गॅरेजवरून जाताना मान सरळ ठेवायचे, डोळे मात्र तिरके.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. काम ब्रेकवाल्यांच्याच हाताखाली शिकला आणि मग चौकाच्या पलीकडे स्वतःचं गॅरेज काढलं. बसायला खुर्च्या, काचेची केबिन, दाराशी कुंड्या.

"गॅरेज काढलंय की बाग?" ब्रेकवाले जेवताना विचारायचे.

"त्यांच्याकडे पंखा तरी आहे," बायको म्हणायची.

"गिऱ्हाइकाला की गाडीला?"

"दोघांना. तुमच्याकडे दोघांनाही नाही."

जुनी गिऱ्हाइकं एकेक करून पलीकडे गेली, तेही त्यांनी गिळलं. लोक भपक्याला भुलतात, असं म्हणून मोकळे झाले. पण एका शनिवारी घरी आले तर टेबलावर कागदात गुंडाळलेले चार जुने ब्रेक पॅड. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे त्याचा विश्वास बसतो, हे त्यांनीच साडूला शिकवलं होतं. इथे गिऱ्हाईक त्यांची स्वतःची बायको होती.

"हे काय?"

"ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. करून आणली."

"कुठून?"

"कुठून म्हणजे? धाकटीच्या नवऱ्याकडून."

"अगं, ब्रेकवाल्याच्या बायकोनं ब्रेक दुसरीकडे करायचे? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"तुम्हाला सांगून सांगून जीभ झिजली. 'स्टिअरिंग नीट धर,' एवढंच म्हणालात. गाडीकडे ढुंकून पाहिलं नाहीत."

"आणि त्यानं काय दिवे लावले?"

"विचारलं. पहिल्यापासून ओढते की गाडी तापल्यावर? पाय किती खाली जातो? आवाज येतो का? मग शेजारी बसून एक चक्कर मारली."

हे सगळे प्रश्न ब्रेकवाल्यांचे होते. गिऱ्हाइकाला विचारायचे. बायकोला विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

त्यांनी पॅड हातात घेतले. दोन झिजून पत्र्याला लागले होते, दोन जवळजवळ नवे. पॅड दाबणारा उजवीकडचा पिस्टन अडकलेला, सगळा भार डाव्या चाकावर. एका नजरेत रोग कळला. साडूलाही तोच रोग सापडला होता.

रविवारी सकाळी बायको आत असताना त्यांनी गाडी जॅकवर घेतली. पुढचं उजवं चाक काढलं. एखादा बोल्ट ढिला निघावा, एवढीच इच्छा होती. बोल्ट घट्ट होते. पॅड चांगल्या प्रतीचे होते. ग्रीस हवं तिथेच होतं, हवं तेवढंच. त्यांना साडूचा आणखी राग आला. मग त्यांनी पिस्टन बसतो त्या कॅलिपरपासून ऑइलचा पाईप सोडवला, पिस्टन बाहेर काढला आणि उन्हात धरून फिरवत बसले. एक ओरखडा मिळाला तरी चाललं असतं.

मिळाला नाही. तोवर सुटा पाईप ठिबकत राहिला. पाईपाला बूच लावायचं नवशिक्यालाही कळतं. ब्रेकवाल्यांचं लक्ष गेलं तेव्हा वरची ऑइलची डबी कोरडी पडली होती. पाईपांत हवा शिरली होती. त्यांनी सगळं जोडलं, ऑइल भरलं आणि पेडल दाबलं. पाय थेट तळाला टेकला.

सोमवारी बायकोला याच गाडीनं कामावर जायचं होतं. आता चारही चाकांतून हवा काढायला हवी होती, आणि त्यांच्या पद्धतीत ते एकट्याचं काम नव्हतं. एकानं चाकाशी बसून हवा सोडायचा निपल उघडायचा, दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबायचं.

"जरा पेडल दाबायला येतेस?"

"का? काल तर मस्त लागत होता ब्रेक."

"ये म्हणतो ना."

ती आली. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात झाली. मागचं डावं.

"दाब. धरून ठेव. सोड."

निपलला लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडे आले. मग मागचं उजवं. पुढच्या डाव्या चाकाशी ते बसले तेव्हा ती आतून म्हणाली, "अहो, काय करत होता तुम्ही?"

"बघत होतो."

"काय?"

"त्याचं काही चुकलंय का."

"चुकलं होतं?"

बुडबुडे थांबले. त्यांनी निपल आवळला. "नाही."

ती हसली असती तर त्यांनी सहन केलं असतं. टोमणा मारला असता तर उलटा टोमणा तयार होता. ती हळूच म्हणाली, "खरं सांगा हं. उद्या मी या गाडीत बसू ना?"

इतक्या वर्षांत हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं. परक्या गिऱ्हाइकानंसुद्धा नाही.

"एक चाक राहिलंय," ते म्हणाले.

"ते होऊ दे. मग जाता जाता धाकटीच्या नवऱ्याला एकदा दाखवून घेते. राग मानू नका."

ब्रेकवाले पुढच्या उजव्या चाकाशी आले. निपलला नळी लावली. खाली बाटली ठेवली. पाना चढवला. पिस्टनभोवती साडूनं घातलेलं नवं रबर तिथं काळंभोर चमकत होतं.

त्यालाच दाखवायचं असेल तर हे चाकही त्यानंच करावं. ते उठले. हात पुसले. पाना तसाच निपलवर ठेवून फाटकाबाहेर पडले आणि चौकाच्या, साडूच्या गॅरेजच्या, उलट्या दिशेनं चालू लागले.

"दाबू का?" गाडीतून बायकोचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा, "अहो, दाबू का?"