रोवण्याच्या गाण्यांची डिस्क

ती डिस्क आमच्या घरी आली तेव्हा मी एकोडीच्या शाळेत होते. ती वाजवून बघण्याचा पहिला प्रयत्न चौकातल्या मोबाइलच्या दुकानात झाला. दुकानदाराने ती डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली. टीव्हीवर 'नो डिस्क' अशी अक्षरं आली. त्याने ती काढून फुंकर मारली, पुन्हा घातली, पुन्हा तेच. रिकामी आहे म्हणून त्याने ती परत दिली. माझी आई आणि मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, दुकानाबाहेर उभ्या होत्या. मोठी माय म्हणाली, "रिकामी कशी राहील? आमी गायलो ना."

त्या गायल्या होत्या हे खरं होतं. आदल्या वर्षी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत एक परदेशी माणूस नागपूरच्या दुभाष्याला घेऊन आला होता. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, गमबूट घालून उभा राहिला आणि एका लांब दांडीला केसाळ टोपी घातलेला माइक बायकांच्या डोक्यावर धरून त्यांची गाणी टिपत राहिला. त्या टोपीला बायकांनी मेंढीचं पिल्लू म्हटलं आणि पहिलं गाणं हसण्यातच गेलं. नंतर त्या वाकून पऱ्हे रोवत मागे सरकत गेल्या, एकजण पुढे म्हणायची, बाकीच्या झेलायच्या. पुढे त्याच्या देशातल्या एका कंपनीने त्याची डिस्क काढली आणि त्याने एक आमच्या पत्त्यावर पाठवली. त्या कव्हरवर माइकचं नाव होतं, यंत्राचं नाव होतं, टिपणाऱ्याचं होतं. गाणाऱ्यांच्या जागी होतं 'गावातील स्त्रिया'.

ती हाय-रेझोल्यूशन ऑडिओची डिस्क होती हे मला कॉलेजात कळलं. दिसायला सीडीसारखी, पण आत आवाज फार बारीक कणांत भरलेला. साधा सीडी प्लेअर, डीव्हीडी प्लेअर, कॉम्प्युटर, कुणालाच ती दिसत नाही. म्हणजे ज्या बायांनी ती गाणी म्हटली त्यांनाच ती ऐकता येत नव्हती, आणि ज्यांच्याकडे महागडी यंत्रं होती ते ती परदेशातल्या दिवाणखान्यात बसून ऐकत होते. ही गोष्ट माझ्या मनात तेव्हापासून सलत होती.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. साकोलीला बी.एस्सी. केलं, आता भंडाऱ्याला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. माझी आई आणि मोठी माय दिवसभर चिखलात वाकल्या म्हणून मी खुर्चीवर बसून शिकले, हे मी विसरत नाही आणि कुणाला विसरूही देत नाही. त्यामुळे मोठी मायच्या कानाचं कळलं तेव्हा मी हातावर हात ठेवून बसणं शक्य नव्हतं. डॉक्टर म्हणाले की कानाची नस सुकत चालली आहे, बारीक आणि उंच आवाज आधी जातील, मग बाकीचे. मशीन लावून काही काळ निघेल. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "मंग थे सीडी कवा आयकवशील?"

लॅबमधले एक सर म्हणाले की मोबाइलवर एखादं रोवण्याचं गाणं लावून दे, त्यांना काय फरक कळणार आहे. मी म्हटलं, तिचा स्वतःचा आवाज आहे सर, तिला नाही कळणार तर कुणाला? ते म्हणाले की अशी डिस्क कॉपी करणंही गुन्हा असतो. मी म्हटलं, आवाज घेताना तिला कुणी कागद दाखवला नव्हता. त्या कंपनीला मी मेल केला होता, तो परत आला. कंपनी बंद पडली होती. मग परवानगी मागायची तर एकच बाई उरत होती, आणि तिने ती दवाखान्याच्या पायरीवर दिली होती.

शोधता शोधता कळलं की सिनेमाच्या डिस्क वाजवणारे काही जुने प्लेअर असे आहेत, ज्यांच्या आतली चिप ही डिस्क वाचू शकते. त्यांना पेन ड्राइव्हवरून एक छोटी फाइल दिली तर ते डिस्कमधलं सगळं केबलवाटे कॉम्प्युटरला देऊन टाकतात. मग ती गाणी कुठल्याही स्पीकरवर वाजतात. असा एक प्लेअर जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये सापडला. फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका सामान आवरून गावी निघाले होते. त्यांनी प्लेअर जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या हातात दिला आणि सांगितलं, भंगारात देणारच होतो, तुझं काम झालं तर मला फोन कर. मी तो बसमध्ये मांडीवर घेऊन आले.

मग सुरू झाली खरी लढाई. पेन ड्राइव्ह लावला की प्लेअरचा ट्रे आपोआप बाहेर यायला हवा, ती खूण. तो येईना. माझा पेन ड्राइव्ह मोठा होता, प्लेअरला तो ओळखू येत नव्हता. लॅबमधला एक जुना, छोटा पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केला आणि ट्रे सरकन बाहेर आला. मी एकटीच टाळी वाजवली. पुढे कॉम्प्युटर म्हणाला, कनेक्शन झालं नाही. प्लेअर दर वेळी सुरू झाला की आपला आयपी पत्ता बदलत होता आणि मी जुन्याच पत्त्यावर हाका मारत होते. तो पत्ता पक्का केला. तर आता प्लेअर डिस्क घालताच स्वतःच वाजवायला बघायचा आणि कॉम्प्युटरला द्यायचाच नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते आपोआप वाजणं बंद केलं. तेव्हा कुठे पडद्यावर आकडे सरकू लागले. एक गाणं आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. चौथ्यात गाडी अडली, सगळं बंद. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच.

कव्हरवरच्या यादीत चौथं होतं ते मोठी मायचं गाणं. भावाने मूळ म्हणून, माहेरी न्यायला, यायला उशीर केला म्हणून त्याला शिव्या घालणारं. बाकीच्या तीन गाण्यांत तिचा आवाज इतरांत मिसळलेला, या गाण्यात ती पुढे.

इंटरनेटवर अशा डिस्कवाल्यांचा एक ग्रुप आहे. तिथे मी अडचण लिहिली, डिस्कचा फोटो टाकला. एका गृहस्थाने फोटो मोठा करून बघितला. चमकत्या बाजूवर पिवळसर झाक आणि त्यात फिकट तांबडा ठिपका. मला आजवर तो डिस्कचाच रंग वाटत होता. त्यांनी लिहिलं की वस्तू कशी ठेवायची हे ज्यांना कळत नाही त्यांच्या हाती अशा डिस्क जाऊच नयेत, साध्या एमपीथ्रीवर समाधान माना. खाली बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले होते.

मी आईला फोन करून विचारलं, डिस्कवर काय सांडलं होतं? ती म्हणाली, काहीच नाही. मग सहज म्हणाली, "दसऱ्याले पूजा करत होतो तेवढीच."

"कशी पूजा?"

"कशी म्हणजे? विळे मांडतो, कुऱ्हाड मांडतो, त्याच्या बाजूले थे बी मांडत होतो. हळद-कुंकू, अक्षदा. अन् मंग पुसून ठेवून देत होतो."

"चमकत्या बाजूला?"

"चमकते थे तोंड. लिवलेली थे पाठ. टिका का पाठीले लावतेत का वो?"

मला हसू आलं आणि पाठोपाठ त्या गृहस्थांचा राग आला. आमच्याकडे दसऱ्याला जे जे घर चालवतं त्याची पूजा होते. विळ्याची, सायकलची, माझ्या वह्यांची व्हायची. माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचा डाग आहे, मी तो पुसत नाही. जी वस्तू एकदाही बोलली नाही, जिला दुकानदाराने रिकामी म्हटलं, तिच्यात आपली गाणी आहेत हे त्या दोघी धरून चालल्या आणि दर वर्षी तिला विळ्याच्या पंक्तीत बसवत राहिल्या. याला जर कुणी वस्तू ठेवता न येणं म्हणत असेल तर म्हणो. मी ग्रुपवर लिहिलं: "तो डाग पूजेच्या हळदीचा आहे. तुमच्याकडच्या डिस्क फार स्वच्छ असतील. त्यातल्या एकीत तरी तुमच्या घरातल्या कुणाचा आवाज आहे का?" दुसऱ्या एकाने मात्र डिस्क धुवायची रीत लिहून दिली, त्याचे आभार.

कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थोडा फेस, मऊ कापड, मधल्या भोकाकडून कडेकडे. गोल घासायचं नाही. हळद निघाली. कुंकू थोडं राहिलं आणि अक्षदांचे दाणे जिथे घासले होते तिथे बारीक ओरखडे दिसले. प्लेअरने ती जागा पुन्हा पुन्हा चाटली, थांबला, घरघरला आणि पुढे गेला. सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरली. चौथ्या गाण्यात काही सेकंद वाचता आले नव्हते, तिथे प्रोग्रामने नुसती शांतता भरली होती.

फाइलींना नावं देताना कलाकार या रकान्यात 'गावातील स्त्रिया' लिहायला माझा हात वळला नाही. आईला फोन लावला आणि त्या दिवशी बांधीत कोण कोण होतं ते विचारलं. तिने सांगितलं, पण सगळ्या अमक्याची माय, तमक्याची सून अशाच. एकीचं नाव गावात कुणालाच सांगता येईना, शेवटी तिलाच विचारून आणलं. ती सगळी नावं आज प्रत्येक गाण्यासोबत पडद्यावर येतात. कुणाला हरकत असेल तर त्याने एकोडीला येऊन सांगावं.

रविवारी लॅबमधला स्पीकर मागून घेऊन गावी गेले. पडवीत बाया जमल्या. मोठी माय कानाचं मशीन लावून स्पीकरला गुडघा टेकून बसली. पहिली तीन गाणी तिने डोळे बारीक करून ऐकली. तिला किती पोचत होतं कळत नव्हतं. शेजारची काकू माझ्या कानात म्हणाली, बुडीले काही आयकू येऊन नाही रायलं. मग चौथं सुरू झालं. दोन ओळी झाल्यावर मोठी माय पुटपुटू लागली, मग चांगल्या मोठ्या आवाजात म्हणू लागली, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं.

ती शांततेची जागा आली. स्पीकर गप्प झाला. मोठी माय गप्प झाली नाही. भावाला घालायच्या शिव्यांतली एकही न गाळता ती म्हणत राहिली, आणि पडवीतल्या बायांनी नेहमीसारखं झेललं. स्पीकरमधून जुना आवाज परत आला तेव्हा ती अर्धी ओळ पुढे गेली होती. तिने हात वर करून बायांना थांबवलं, कान स्पीकरजवळ नेला, क्षणभर ऐकलं आणि माझ्याकडे बघून तक्रार केली.

"हे मांगं पडली," ती म्हणाली. "हिले सांग, माया मांगं मांगं ये."