तीसपर्यंत मोज

रौदा आमच्यात वयाने सगळ्यांत मोठी, सत्तेचाळीस वर्षांची. बारा वर्षं शाळांमधून बदली शिक्षिका म्हणून फ्रेंच शिकवलं, पण कायम कुणी केलं नाही. मग ट्युनिसच्या आमच्या कॉल सेंटरात येऊन बसली. हातातल्या गेमला घरचं वाय-फाय सापडेना, की फ्रान्समधले लोक जो नंबर फिरवतात तो आमच्याकडे वाजतो. फोनवर तिचं नाव इझाबेल. मी शेजारच्या खुर्चीवर बसते. ज्या मुलीच्या फोनची ही गोष्ट, तिचं बोलणं मात्र मी नंतर रेकॉर्डिंगवर ऐकलं.

बुधवार होता. तिकडे शाळांना सुट्टी, त्यामुळे सकाळपासून पोरांचेच फोन.

“माझा गेम नेटला लागत नाही. मी सोलेन. सात वर्षांची.”

“घरी मोठं कोण आहे, बाळा?”

“आई कामाला गेलीय. आजोबा झोपलेत.”

रौदाने पासवर्ड पुन्हा टाकायला लावला. नाही. गेम बंद करून चालू केला. नाही. आता राउटर. इथे आमचा एक नियम आहे: घरचा फोन त्याच राउटरवर चालतो का, ते आधी विचारायचं. चालत असेल तर वायर काढताच फोन तुटतो. रौदाने हे हजारदा विचारलेलं. पण आमचा सुपरवायझर स्कंदर मागे येऊन उभा राहिला होता. सत्तावीस वर्षांचा, तिला ताई म्हणणारा, आणि एका कॉलला ठरलेली सहा मिनिटं उलटली की घड्याळावर टिचकी मारणारा.

“राउटरची काळी वायर काढ, तीसपर्यंत मोज, परत लाव,” रौदा म्हणाली.

“राउटर आजोबांच्या खोलीत आहे.”

“मग हळूच जा.”

पावलांचा आवाज. दार.

“मॅडम, आजोबा खालीच झोपलेत. फरशीवर. मला त्यांना ओलांडून जावं लागेल.”

“सोलेन, थांब! वायरला हात...”

फोन तुटला.

रौदा उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “स्कंदर, तो नंबर लाव. आत्ता.” बाहेर फोन लावायची सोय फक्त त्याच्या टेबलावर.

“ताई, अगं पोरं कुठेही लोळतात, म्हातारेसुद्धा...”

“लाव म्हणते ना!”

त्याने लावला. लागेना. फ्रान्सच्या तातडीच्या सेवेचा नंबर इथून फिरवला तर तो ट्युनिसच्याच रुग्णवाहिकेला लागतो. मुलीचा पत्ता आमच्याकडे नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. रौदाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. “मी काढायला लावली,” ती म्हणत होती, “मीच काढायला लावली वायर. तिने परत लावलीच नाही तर?”  स्कंदरही आता आकडे चुकायला लागला.

पाचव्या वेळी रिंग गेली.

“हॅलो? मी दोनदा मोजलं. पहिल्यांदा चोवीसनंतर विसरले.”

“शहाणी ग माझी! आजोबांना हाक मार.”

“मारली. डोळे उघडे आहेत, पण घोरतायत. आणि तोंड वाकडं केलंय.” आवाज बारीक झाला. “मला त्यांची भीती वाटते.”

“मलाही वाटतेय,” रौदा म्हणाली. असं कुणी ग्राहकाला सांगत नाही. “शेजारी कोण राहतं?”

“ब्रिसो मावशी. पण त्यांचा कुत्रा आहे.”

“कुत्र्याला म्हणायचं, वेळ नाही. फोन आजोबांच्या कानाशी ठेव, बंद करू नकोस, आणि पळ.”

मग फोनवर फक्त तो घोरण्याचा आवाज उरला. जड, खरखरीत, मध्येच थांबणारा. तो थांबला की रौदाचाही श्वास थांबे. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं. ती बोलत राहिली, आधी फ्रेंचमध्ये, मग आपल्या अरबीत, जी या लाइनवर बोलायला सक्त मनाई आहे: “काका, ऐकताय ना? पोर गेलीय माणसं आणायला. तुम्ही फक्त श्वास घ्या. घ्या, काका. आणखी एक.” स्कंदर खाली गुडघ्यांवर बसून ऐकत होता.

बराच वेळ तो आवाज आलाच नाही. रौदाने डोळे घट्ट मिटले. मग आला.

अकराव्या मिनिटाला कुत्रा भुंकला, बाई ओरडली, कुणीतरी फोन उचलला. “कोण बोलतंय?”

“गेमच्या मदत केंद्रातून. अँब्युलन्स बोलवा!”

“बोलावलीय. कुठून, म्हणालात?” आणि फोन ठेवला गेला.

रौदा बाथरूममध्ये जाऊन ओकली. घरी जाताना तिने मला ट्रामच्या थांब्यापर्यंत सोबत यायला लावलं.

तपासणीत तिच्या कॉलवर तीन लाल शेरे आले: नियम मोडला, परभाषा वापरली, वेळ ओलांडली. स्कंदरने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘मी मागे उभा होतो, म्हणून घाई झाली,’ आणि सही केली. नऊ दिवसांनी सोलेनच्या आईचा फोन आला. म्हातारा वाचला होता. डावा हात उचलता येत नव्हता, शब्द अडखळत होते. गेम अजून लागलेला नव्हता. तो रौदाने तिला बसल्या बसल्या लावून दिला.

तिची भीती मात्र गेली नाही. वायर काढायला सांगायची वेळ आली की अजून ती थांबते. आधी ती विचारते, घरी कोण आहे, ते काय करतायत, जरा बघून येता का. मग घोटभर पाणी पिते. सहा मिनिटं उलटतात. मागे कुणी येत नाही.