टाकीच्या झाकणावरचं कुंकू

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात दसऱ्याला जे जे फिरतं त्याला हळदकुंकू लागतं. लेथ, फोर्कलिफ्ट, पाण्याची मोटर, सासूबाईंचा मिक्सर. मग मेव्हण्यानं चिखलीच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं बांधलेलं एकट्यापुरतं विमान सुटणार कसं? घरचा जावई म्हणून पूजेचा मान माझा. मी मन लावून पूजा केली. जरा जास्तच.

मेव्हणा चाकणला एका कंपनीच्या टूलरूममध्ये कामाला. सगळ्या सुट्ट्या त्यानं त्या विमानात घातलेल्या. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही ते टेम्पोत घालून चाकणपलीकडं, ओळखीतल्या एकाच्या सपाट पट्टीवर नेलं. उडवायची परवानगी यायची होती. "नुसतं पळवतो, दाजी," म्हणाला. पळता पळता चाकं जमिनीवरून उचलली. पुरुषभर वर गेलं असेल, तोच पूर्ण जोरात ओरडणारं इंजिन खोकलं, दम्याच्या पेशंटसारखं धापलं आणि गप्प झालं. विमान शेजारच्या कांद्याच्या वावरात बसलं.

मेव्हणा धड होता. वावरवाली म्हातारी बांधावरून ओरडली, "आरं, वरनं येऊन कांदं तुडवायची ही कुठली रीत? खाली वाट न्हाई व्हय?"

तो तिची समजूत घालत होता, तेवढ्यात मी पेट्रोल बघायला टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! टाकीनं हवा आत ओढली. पेट्रोल भरपूर होतं. झाकणाला एक बारीक छिद्र असतं, त्यातनं टाकी श्वास घेते; पेट्रोल खाली उतरायचं तर वरनं हवा आत यावी लागते. ते छिद्र माझ्या हळदकुंकवानं लिंपून टाकलं होतं, वर अक्षतेचा दाणा घट्ट बसलेला. हळू चालताना निभावलं. पूर्ण जोर मागितल्यावर इंजिन उपाशी मेलं.

मी क्वालिटी खात्यात आहे. चूक लपवू नका, असं दिवसभर लोकांना सांगतो. मी रुमाल काढला आणि झाकण लख्ख पुसलं.

इंजिन लगेच सुरू झालं, आणि तिथंच मेव्हण्याचे हाल सुरू झाले. त्यानं कार्बोरेटर खोलला, पाइप बदलले, पुन्हा कार्बोरेटर खोलला. दोष सापडेना. मग कंपनीत दोषाचं मूळ शोधायच्या सवयीनं शेडच्या भिंतीवर खडूनं 'का?', त्याखाली आणखी एक 'का?' असं लिहीत गेला, आणि शेवटच्या 'का'पुढं लिहिलं : 'माझा हात.'

"दाजी, दोष सापडत नाही म्हणजे तो माझ्यातच आहे. विकतोय मी हे. तुम्ही क्वालिटीतले, तुम्हाला काय वाटतं?"

"हवामान," मी म्हणालो. काय बोललो मी हे! हवामान!

गिऱ्हाईक यायच्या दिवशी सकाळी तो विमानाचा पुढचा पंखा उतरवून जुन्या चादरीत गुंडाळायला लागला. लेक सासरी पाठवावी तसा, सावकाश. मला ते बघवेना.

"कुंकू," मी म्हणालो.

"काय?"

"झाकणावर. मीच लावलेलं. आणि मीच पुसलं."

त्यानं चादर खाली ठेवली. "मी कार्बोरेटर खोलत होतो तेव्हा तुम्ही बॅटरी धरून उभे होता."

"हो."

"भजी पण खाल्लीत."

"हो रे बाबा."

मला वाटलं, पाना फेकून मारतोय. पण टूलरूमचा माणूस तो. "नुसतं बोलून भागत नाही, दाजी. दोष परत घडवून दाखवा."

पंखा परत चढला. विमानाची शेपटी कडुलिंबाला बांधली. बायकोला पूजेचं ताट घेऊन बोलावलं. मी झाकण पुन्हा लिंपलं, अक्षतेसकट. इंजिन गुणी पोरासारखं चाललं. मेव्हण्यानं पूर्ण जोर दिला. थोड्या वेळानं खोकलं, धापलं, गप्प झालं.

"बंद पडलं!" मेव्हणा नाचायला लागला. "ताई, बंद पडलं गं!"

बायकोनं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडं वळली. "तरीच म्हटलं, त्या रुमालाचा डाग जात का नाही."

मेव्हण्यानं गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग भिंतीवरचा 'माझा' पुसला आणि तिथं ठळक लिहिलं, 'दाजींचा'. शेडमध्ये येणारा प्रत्येक जण ते वाचतो. रुमाल माझ्या खिशात असतो, पण मी पुसत नाही.