कुंदाचा उलटतपास

उलटतपासाला उभी राहिली की कुंदा शेवाळे साक्षीदाराला आधी विचारायची, "उभं राहून दमला असाल. बसून सांगता का?" न्यायाधीश साहेब मान डोलवायचे, शिपाई खुर्ची आणायचा आणि समोरच्या पक्षाचा माणूस निम्मा तिचा होऊन जायचा. नाशिकच्या कामगार न्यायालयात मी मालकांच्या बाजूनं उभा राहत असे, ती कामगारांच्या. लॉ कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो आणि गुण मला जास्त असत. ही गोष्ट माझ्याखेरीज कुणाच्याही लक्षात राहिली नाही.

तिची ती खुर्चीची युक्ती मीही एकदा करून पाहिली. साक्षीदार म्हणाला, "नको, लवकर आटपा." बाररूममध्ये सगळ्यांत मोठ्यानं कुंदाच हसली आणि मग माझ्यासाठी चहा सांगितला. "वैर पक्षकारांचं," ती नेहमी म्हणे, "आपण ते भाड्यानं आणलेलं. घरी कशाला न्यायचं?" मी मात्र रोज घरी नेत होतो.

नव्वदचं दशक सरताना गंगापूर रोडवर कॉम्प्युटर क्लासचं पीक आलं होतं. माझे अशील खैरनार यांनी एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेतली होती. कंपनीनं ती अचानक काढून घेतली. त्या तडाख्यात खैरनारांनी काउंटरवरच्या सविताला, सुरगाण्याहून आलेल्या मुलीला, उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं आणि क्लास स्वतःच्या नावानं चालू ठेवला. सविता कुंदाकडे गेली.

साक्षीसाठी खैरनारांना मी नीट पढवलं होतं. कुंदानं त्यांना बसवलं, पाणी मागवलं आणि थेट कंपनीबद्दलच विचारू लागली. मी हरकत घेतली, साहेबांनी ती फेटाळली.

"कंपनीनं तुम्हाला काढलं, तेव्हा कारण सांगितलं होतं?"

"नाही. माणूस समजलंच नाही आम्हाला."

"आणि सविताला तुम्ही काय कारण सांगितलंत?"

खैरनारांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "काहीच नाही, मॅडम," ते म्हणाले. "येऊ द्या तिला परत."

बाहेर येताच त्यांनी कंपनीविरुद्धचा दावा कुंदाला देऊ केला, माझ्यादेखत. ती म्हणाली, "ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांचं काम मी घेत नसते. आणि करार तुमच्या वकिलांइतका बारकाईनं वाचणारा नाशकात दुसरा नाही." तिची ती शिफारस मला हरण्यापेक्षा जास्त लागली. दावा मी जिंकलो. पेढे घेऊन खैरनार आधी तिच्याकडे गेले.

पुढं काही वर्षांनी कुंदा हृदयविकारानं अचानक गेली. बाररूममधल्या शोकसभेत बोलायला मलाच उभं केलं. समोर सविता होती, शेजारी खैरनार, आणि मागं भिंतीशी कुंदानं हरवलेले सातपूरचे कारखानदार. त्यांतले बरेच माझेच अशील. मी छान बोललो म्हणे. बोलताना माझी नजर मात्र एकेका चेहऱ्यावरून फिरत होती: माझ्या वेळी यांतलं कोण येईल?