दयाताईंनी पापणी उचलून पाहिली

दयाताई पाटोळे आमच्या गावच्या आशा सेविका. राहुरीच्या अलीकडचं गाव, वस्त्या लांब लांब. त्या पायी फिरतात. वस्तीवर गेल्या की आधी माणसाचा चेहरा न्याहाळतात, मग चहा घेतात. चालढकल त्यांना खपत नाही, स्वतःची तर मुळीच नाही.

यंदा एप्रिलात आमच्या शेजारचा मच्छिंद्र डाळिंबावर औषध फवारत होता. दुपारी बांधावर कोसळला. थोरल्या भावानं, सहादेवनं, त्याला लिंबाच्या सावलीत आणलं. कांदा फोडून नाकाशी धरला, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. उन्हाळ्यात कोणी पडलं की आमच्याकडे हेच करतात. औषधानं भिजलेला सदरा अंगावर तसाच होता. मी तळपाय चोळत होतो.

आरडाओरडा ऐकून वस्तीवरच्या बाया जमल्या, त्यांच्यामागून दयाताई आल्या.

"ऊन लागलंय ताई. कांद्यानं उतरंल," सहादेव म्हणाला.

"उन्हानं तोंड कोरडं पडतं. ह्याची तर लाळ गळतीय."

त्यांनी त्याची पापणी उचलली. सावलीत डोळ्यातली काळी बाहुली मोठी होते. मच्छिंद्रची टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. दुसऱ्या डोळ्यातलीही तशीच.

"हे ऊन न्हाई, फवारणीचं औषध हाय. कातडीतून आत चाललंय. काढा ती कापडं."

"एवढ्या बायांत?"

"मेल्यावर झाक त्याला. आत्ता काढ!"

त्यांनी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, आम्हालाही बांधायला लावल्या. पाण्याच्या मोटारीची नळी ओढली. साबण लावून डोकं, मान, काखा, नखांच्या फटी, सगळं धुतलं. घाई होती, पण एकही जागा सुटली नाही. मग वस्तीवरच्या एडविनच्या टेम्पोत त्याला कुशीवर निजवलं, म्हणजे लाळ घशात अडकणार नाही. औषधाची बाटली सोबत घेतली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली वाचली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. "धुतलं ते फार बरं केलं," एवढंच बोलले. दयाताई बाकावर बसल्या नाहीत. दारात उभ्या राहून त्याच्या छातीची हालचाल पाहत राहिल्या.

संध्याकाळपर्यंत लाळ थांबली, बाहुल्या पसरल्या. सकाळी मच्छिंद्रनं भावाकडे पाहून विचारलं, "खायला काय आणलंय का नुसताच आलास?"

सहादेव फोन घेऊन व्हरांड्यात धावला. "वाचला! भाकर मागतोय!" वस्तीवरच्या बायांचा गलका फोनमधून आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.