पिवळ्या रेषेबाहेरची चौकी

आखातातल्या शुऐबाच्या कारखान्यात माझं काम मोटारी आणि दिव्यांचं. पंपांच्या ज्या भागात पेट घेणारा वायू गळू शकतो, तिथली प्रत्येक वस्तू ठिणगी पाडणार नाही आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापणार नाही, हे तपासून सही करायची. बंदुकीशी माझा कधी संबंध आला नव्हता. पण पहारेकऱ्यांसाठी नव्या रायफली घ्यायचं ठरलं आणि आमच्या मुदीरांनी, म्हणजे खातेप्रमुखांनी, निवड समितीत मला घातलं. कारण पहाऱ्याची एक चौकी जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या रेषेच्या आत, थेट पंपांपाशी होती. तिथल्या माणसाने गोळी झाडलीच तर तो आणि आजूबाजूचे वाचतील का, हे कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं.

समितीत दुसरा मराठी माणूस म्हणजे शस्त्रागार सांभाळणारे सुभेदार. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन कंत्राटावर आलेले. चाचणीला आम्ही वाळवंटातल्या फायरिंग रेंजवर गेलो. दोन रायफली होत्या. दोन्हींच्या नळीला सप्रेसर, म्हणजे आवाज आणि जाळ दाबणारं नळकांडं लावलेलं. एकीत गोळीचा वायू मागे फिरून थेट यंत्रणेत शिरत होता, दुसरीत तो पिस्टन ढकलून पुढेच बाहेर पडत होता.

सुभेदारांनी पहिली चालवली आणि डोळे पुसत उठले. सप्रेसरमुळे कोंडलेला धूर सगळा त्यांच्याच तोंडावर आला होता.

"सासरी निघालेल्या पोरीसारखं रडवती ही," ते म्हणाले.

मग दोन्ही रायफली तासभर वाऱ्यात उघड्या ठेवल्या. वाळू खाऊन पहिली अडकली. पिस्टनवाली धडधडत राहिली. तेवढ्यावर निवड झाली.

राहिला फॉर्मवरचा शेवटचा रकाना: वायूच्या क्षेत्रात वापरण्यास योग्य, होय किंवा नाही. कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत जाळ दिसत नसल्याचं छापलं होतं, मलाही तो दिसला नव्हता. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. छापलेल्या कागदावर माझा विश्वास जरा जास्तच बसतो. पेन मी 'होय'पाशी नेलंही होतं. पण आमच्या तालुक्याच्या शाळेत विज्ञानाच्या बाई होत्या. पाणी किती अंशांना उकळतं हे पुस्तकात वाचून झालं तरी त्या स्टोव्ह पेटवून आम्हाला मोजायला लावत. मी आज जो काही आहे तो बराचसा त्यांच्यामुळे. पेन खिशात ठेवलं आणि मोटारींचं तापमान बघायचं माझं यंत्र बाहेर काढलं.

"ताप आलाय व्हय तिला?" सुभेदार हसले.

मी त्यांना दोन मॅगझिन सलग झाडायला लावल्या आणि यंत्र सप्रेसरवर धरलं. आकडा त्यांनाही दाखवला. इतकी तापलेली मोटार मी पंपांजवळ एक मिनिटही चालू दिली नसती. जाळ विझला नव्हता, नळकांड्यात लपला होता, एवढंच. मी 'नाही'वर खूण केली.

"म्हंजे माझी पोरं आत रिकाम्या हातानं उभी करायची?"

"आत उभीच करू नका, सुभेदार. चौकी रेषेबाहेर घ्या."

"साहेब, बारा तास पहारा दिलाय कधी? आत पायपांची सावली हाय. बाहेर काय हाय?"

"पण एक गोळी सुटली तर..."

"ते कळतंय ओ मला. मी सावलीचं बोलतोय."

मी ऐकलं. पण फॉर्मवर सावलीचा रकाना नव्हता.

मुदीरांना 'होय' हवं होतं. "कौन गोली चलानेवाला है, बाशमुहंदिस?" असं त्यांनी मला, म्हणजे इंजिनियरला, दोनदा विचारलं. अकाम्याचं, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण त्याच महिन्यात त्यांच्या सहीने व्हायचं होतं, पण खूण मी बदलली नाही. आठवड्यात चौकी रेषेबाहेर गेली. उघड्यावर एक अडसर आणि लोखंडी स्टूल. येता-जाता ती पाहून मला समाधान वाटायचं, हे कबूल करायला हवं.

जूनमध्ये एका दुपारी त्या स्टुलावरचा नेपाळी पहारेकरी रायफलीसकट खाली कोसळला. उष्माघात. जाब्रियाच्या इस्पितळात मी पोचलो तेव्हा सुभेदार बाकावर बसले होते, मांडीवर त्या मुलाचे बूट घेऊन. तो वाचेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते. मी शेजारी बसलो.

संध्याकाळी नर्सने तो शुद्धीवर आल्याचं सांगितलं. सुभेदारांनी बूट खाली ठेवले.

"तुम्ही 'नाही' लिहिलं ते बरोबरच हुतं," ते म्हणाले. "आत आग लागली असती तर ह्यो एकटा न्हवता जाणार. पण साहेब, त्याच्या खाली दोन ओळींची जागा मोकळी हुती."

होती. शेऱ्याची जागा. मी तिथे आडवी रेघ मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीवर शेड बांधण्याचा आणि पहारा दर दोन तासांनी बदलण्याचा अर्ज लिहून मी शस्त्रागारात नेला. सुभेदारांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला.

"थंड पाणी ऱ्हायलं," म्हणाले आणि माझ्याच पेनाने ती ओळ मला लिहायला लावली.