सासऱ्यांच्या पसंतीचं काडतूस

"ताई, ही रायफल परत घ्या. माझा हातच वाईट आहे," म्हणत शिवराम मास्तरांनी रायफल काउंटरवर ठेवली.

मुलांनो, तेव्हा मी सोलापुरात माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, बंदुकांच्या दुकानात काम करत होते. इंग्रजी येत असल्यामुळे कॅटलॉग वाचून गिऱ्हाइकाला काडतूस सुचवणं माझ्याकडे असे. मास्तर माळशिरसकडचे. नेमबाजी नुकतीच शिकत होते. रायफल पॉइंट टू-टू, म्हणजे बारीक गोळीची. रविवारी रायफल क्लबची टेस्ट होती, दोनशे यार्डांवरच्या टार्गेटची. पास झाले तरच मेंबर. क्लबखेरीज सरावाला कायमची जागा नव्हती.

त्यांनी टार्गेटचा कागद दाखवला. एक गोळी वर, एक खाली, एक पार कडेला.

"काडतुसं कुठली वापरलीत?"

"तिन्ही. आळीपाळीनं."

मला सगळं आठवलं. रायफल घ्यायला मास्तरांबरोबर सासरे, चुलते आणि मेहुणे आले होते. लग्नाची साडी घ्यावी तशी खरेदी झाली. प्रत्येकानं काडतुसांची वेगळी पेटी पसंत केली आणि कुणाचा मान मोडू नये म्हणून मास्तरांनी तिन्ही घेतल्या.

"घरी गेलं की तिघेही विचारतात, आमचं चाललं का?" मास्तर म्हणाले.

प्रत्येक जातीच्या काडतुसाचा वेग वेगळा. नेम तोच धरला, तरी संथ गोळी लांबवर जाताना जास्त खाली उतरते. मास्तरांचा हात ठीक होता.

"मग एकच पेटी सांग त्यांना," दादा म्हणाले.

"कुणाची? दोघे रुसतील," मास्तर म्हणाले.

"नाहीतर गिऱ्हाईक जाईल. बघ काय ते," दादा माझ्या कानाशी म्हणाले.

"रायफललाच निवडू द्या," मी म्हटलं.

शनिवारी गावाबाहेर, मातीच्या उंच बांधासमोर, आम्ही दोनशे यार्डांवर तीन कागद लावले. तिघेही पाहुणे हजर.

"माजी पेटी लई जोरकस हाय," चुलते म्हणाले. "दोनशे यार्ड काय, मोहोळपतुर जाईल!"

मेहुण्यांना त्यांच्या पेटीतल्या पितळेची चकाकी आवडली होती. सासरे मेंढ्या राखणारे. ते हळूच म्हणाले, "आवाज कमी असंल ती द्या म्हनलं व्हतं. मेंढरं बुजत्यात की."

मास्तरांनी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येक जातीची काडतुसं वेगळ्या कागदावर मारली. चुलत्यांच्या गोळ्या कागदभर पसरल्या. मेहुण्यांच्या जरा बऱ्या. सासऱ्यांच्या संथ गोळ्या सगळ्या कागदाच्या खालच्या कडेला.

"पार जमिनीला लागल्या की, पाव्हणं!" चुलते हसले. सासऱ्यांचा चेहरा उतरला.

मी त्या कागदावर तळहात ठेवला. सगळी भोकं हाताखाली झाकली गेली.

"नवशिक्यानं मध्य बघू नये," मी म्हटलं. "खुणा एकमेकींजवळ आहेत का ते बघावं. जवळ असल्या, तर साइट, म्हणजे नेम धरायची पट्टी, वरखाली करून मध्यावर आणता येतात. विखुरलेल्यांना इलाज नाही. या रायफलला हेच काडतूस मानवलंय."

साइट मी थोडी उचलली. मास्तरांनी पुन्हा मारलं. गोळ्या मध्यावर गेल्या.

चुलते रायफलकडे बघत राहिले. "तिलाच पसंत न्हाय, तर आमी काय बोलनार?"

रविवारी मास्तर पास झाले.

नवशिक्याला माझा सल्ला अजूनही तोच: काडतूस एकाच जातीचं घ्यावं, आणि घ्यायला एकट्यानं यावं. पहिला भाग मास्तरांनी तंतोतंत पाळला. पुढच्या खरेदीला टांग्यातून पुन्हा चौघे उतरले. पेटी एकच घेतली. ती उचलून पुढे चालायचा मान सासऱ्यांचा.